पन्हेरीच्या लेबलावर न पुसणारा शिक्का : एका हंगामाच्या नोंदी

वरूड तालुक्यात आमची संत्र्याची छोटी पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका आहे. यंदा सहा हजार कलमं. प्रत्येक कलमाला एक पट्टी लावायची आणि तिच्यावर तीनच गोष्टी हव्यात: खुंट (खालचं, मुळाकडचं झाड) रंगपूरचा की जंबेरीचा, डोळा (त्यावर बसवायचा संत्र्याचा अंकुर) कोणत्या मातृवृक्षाचा, डोळा भरला, म्हणजे खुंटात बसवला, कधी. मागच्या वर्षी साध्या कार्डपेपरच्या पट्ट्या केल्या होत्या. मृगाच्या दुसऱ्या पावसात त्यांचा लगदा झाला. रंगपूर आणि जंबेरीचे दोन वाफे शेजारी-शेजारी होते. खुंट वरून छाटला आणि डोळ्याची फूट वर गेली, की खुंट कोणता हे नुसतं पाहून सांगता येत नाही. गिऱ्हाइकाने खास रंगपूर मागितला होता. अंदाजाने द्यायचं मन झालं नाही, म्हणून दोनशेच्या वर कलमं तशीच पडून राहिली. यंदा कागद पाण्याला न भिणारा घ्यायचा हे तेव्हाच ठरलं. शाईचा विचार मात्र तेव्हा डोक्यातही आला नव्हता.

१७ नोव्हेंबर २०२४

अमरावतीहून नॉन-टिअरेबल शीट आणल्या, गुणपत्रिका छापतात त्या जातीच्या. बारा बाय अठरा इंच, तीस रुपयाला एक. एक बाय चार इंचाची पट्टी कापली तर एका शीटमधून ५४ निघतात. १२० शीट, ३६०० रुपये, कापणावळ २०० वेगळी. हाताने ओढून पाहिली, फाटत नाही. रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी झटकली की कोरडी.

वरूडच्या शिक्केवाल्याकडून २५० रुपयांत पॉलिमरचा शिक्का करून घेतला. वर पन्हेरीचं नाव, खाली दोन रिकाम्या रेघा. सोबत स्टेशनरीच्या दुकानातलं नेहमीचं जांभळं पॅड आणि शाई, ११० रुपये. पहिला शिक्का इतका सुरेख उमटला की मी त्याचा फोटो काढला. दहा मिनिटांनी अंगठा फिरवला तर पन्हेरीचं नाव अंगठ्यावर आलं. जेवून आल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलंच.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस यातच गेले. पट्ट्या उन्हात ठेवल्या, पंख्याखाली ठेवल्या. बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. शाई वाळली नाही, पट्टी मात्र वाकून द्रोणासारखी झाली.

कारण साधं आहे, पण कोणी सांगितलं नव्हतं. पॅड महिनोन्‌महिने ओलं राहावं म्हणून त्या शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा पदार्थ असतो. तो उडून जात नाही. साध्या कागदावर शाई वाळते असं आपल्याला वाटतं, खरं तर कागद ती पिऊन घेतो. या शीटला पिताच येत नाही. त्यामुळे ती वरच बसून राहते. आणि समजा वाळली असती, तरी तो रंग पाण्यात विरघळणारा. पहिल्याच पावसात ओघळला असता.

बाबा छपरीत बसून हे सगळं पाहत होते. "पेन्सिलनं लिहून टाक ना बाप्पा, कायले येवढा खटाटोप करतं?" मी मनावर घेतलं नाही. सहा हजार पट्ट्या हाताने कोण लिहिणार?

२४ नोव्हेंबर

पर्मनंट मार्करच्या रिफिल शाईच्या बाटल्या आणल्या (१८० रुपये) आणि कोऱ्या फेल्ट पॅडवर ओतल्या. यश आलं असं वाटलं: वीस सेकंदांत कोरडी, ओल्या बोटाने घासली तरी पुसत नाही. पण अर्ध्या तासात पॅडच वाळून कडक झालं. पुन्हा शाई ओतली, पुन्हा तेच. दोनशे पट्ट्यांना दोन बाटल्या संपणार असतील तर हे परवडायचं नाही.

दुसरा प्रयत्न: जांभळ्या शिक्क्यावर पारदर्शक चिकटपट्टी. बादलीत एक रात्र ठेवल्यावर कडेने पाणी आत शिरलं आणि आतल्या आत जांभळा डाग पसरला. चिकटपट्टीचे ६० रुपये गेले. शिवाय सहा हजार पट्ट्यांवर टेप चिकटवत बसणं म्हणजे डोळे भरण्यापेक्षा मोठं काम.

आजपासून गच्चीवर एक दोरी बांधली आणि तिला प्रत्येक प्रकारची एकेक पट्टी टांगली: जांभळा, मार्करचा निळा, मार्करचा काळा. बाबांनी स्वतः एक पट्टी घेऊन शिसपेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि तीही टांगली. मी काही बोललो नाही.

१ डिसेंबर

वरूडच्या बाजारात चिवड्याचं पाकीट घेतलं. पाकिटावर मागच्या बाजूला तारखेचा काळा शिक्का. बोटाने घासला, नखाने खरवडला, निघेना. प्लास्टिकवर! मी सरळ चिवडेवाल्याच्या घरी गेलो. त्यांनी कपाटातून एक काळी बाटली आणि एक बिनरंगाची बाटली काढली. बॅच कोडिंगची, म्हणजे पाकिटावर तारीख-नंबर मारायची शाई आणि ती पातळ करायचा रिड्युसर. सोबत लाकडी मुठीचा एक ठोकळा, त्याला खाचा, खाचांत रबराची सुटी अक्षरं बसवायची. "येवढंच ना? घेऊन जा ना थोडीशी बाटलीत," म्हणाले. औषधाच्या रिकाम्या बाटलीत दोन चमचे शाई घेऊन आलो.

पंधरा दिवस जे इंटरनेटवर शोधत होतो ते चिवड्याच्या पाकिटावर सापडलं. पापड, मसाले, चिवडा बांधणारं कोणी गावात असेल तर आधी त्यांना विचारा.

घरी चाचणी: आठ-दहा सेकंदांत कोरडी. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली, शाई आली नाही. रात्रभर पाण्यात, काही नाही.

४ डिसेंबर

अमरावतीहून शाई १०० मिलीच्या दोन बाटल्या (४४० रुपये), रिड्युसर तीन बाटल्या (३९० रुपये), रबरी टाइपचा (सुट्या अक्षरांचा) संच ठोकळ्यासह ४८० रुपये. शाई काळीच घेतली. दुकानात निळी आणि लालही होती. निळ्याच्या चार थेंबांची एक नमुना पट्टी दुकानातच मारून घेतली आणि ती गच्चीच्या दोरीवर लावली.

दुकानदाराला विचारलं होतं, माझ्याकडचा पॉलिमरचा शिक्का चालेल का? "चालेल की." चालला नाही. साधारण चाळीस ठशांनंतर अक्षरं चिकट झाली, शीटला धरून बसू लागली, संध्याकाळपर्यंत पन्हेरीच्या नावातली वेलांटी तुटून पडली. या शाईतलं सॉल्व्हंट पॉलिमरला खातं. स्वतःची शाई पोटात भरलेले जे तयार शिक्के मिळतात, दाबला की उमटणारे, त्यांत तर ही शाई घालूच नका. आतला फोम गच्च बंद होतो. वळणाऱ्या रबरी पट्ट्यांचा तारखेचा शिक्काही एक जुना घरात होता. त्याच्या पट्ट्या फुगून जाम झाल्या, आता फेब्रुवारीवरून पुढे सरकत नाहीत.

म्हणून पन्हेरीचं नाव सोडून दिलं. फक्त सुटे टाइप. मराठी टाइप मिळाले नाहीत, इंग्रजीच. रंगपूरसाठी 'आर', जंबेरीसाठी 'जे', पुढे मातृवृक्षाचा आकडा, मग तारीख.

८ डिसेंबर

डोळे भरायला सुरुवात. दोन कारागीर, दिवसाला साधारण तीनशे डोळे. मागोमाग काकू आणि मजूर बाया पट्ट्या बांधतात. मी ठरवलं होतं की वाफ्याच्या धुऱ्यावरच (बांधावरच) बसून शिक्के मारायचे. सकाळी साडेसातला बसलो. शिक्का उमटतच नव्हता, नुसते ठिपके. शीटवर दव. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण गालाला लावली की गार आणि ओली लागायची. दहा वाजेपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या वाया. आता शिक्के आदल्या दिवशी दुपारी, छपरीत.

दुसरी गोष्ट संध्याकाळी लक्षात आली. काही पट्ट्यांवर अक्षरांच्या मध्येच पांढरे गोल. ते बोटांचे ठसे होते. पट्ट्या मोजताना डोक्याला लावलेलं तेल बोटांवरून शीटवर आलं होतं, तिथे शाई धरतच नाही. मेडिकलमधून स्पिरिट आणलं (१२० रुपये). आता शिक्का मारायच्या आधी पन्नासची गड्डी पसरायची, स्पिरिटच्या फडक्याने एकदा फिरवायचं, नंतर फक्त कडेला धरायचं. गोल गायब.

हात बसायला दोनेक दिवस लागले. साध्या कागदाच्या सवयीने जोर लावला की शाई अक्षराच्या कडेला ढकलली जाते आणि मधे पोकळ राहतं. हलका हात, खाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या. पॅडवर सुरुवातीला दहा-बारा थेंब शाई, मग दर चाळीस-पन्नास ठशांना रिड्युसरचे दोन थेंब. मधे चहा प्यायला उठलो तरी पॅडचं झाकण लावायचं. पहिल्या दिवशी मी विसरलो आणि पॅड दगड झालं, मग रिड्युसर ओतून अर्धा तास मऊ होऊ दिलं.

अजून एक: छपरीत वास बऱ्यापैकी भरतो आणि हे पेट घेणारं आहे. एक कारागीर भाऊ सवयीने बिडी पेटवून बघायला आले. त्यांना धुऱ्यावर पाठवलं.

१२ डिसेंबर

रिड्युसर संपत आला. तीन बाटल्या पुरतील असा हिशेब होता, पण आठ तारखेची उधळपट्टी भोवली. अमरावतीला जायला वेळ नाही, म्हणून हार्डवेअरमधून रंगात घालतात ते थिनर आणलं, ९० रुपये. वास जवळपास तसाच. शिक्का उत्तम उमटला. उलट जास्त काळा वाटला.

१८ डिसेंबर

या नोंदीसाठीच ही डायरी ठेवली असं म्हणायला हरकत नाही.

दुपारी काकू दोन पट्ट्या घेऊन आल्या. "हे पाह्य, मले तं तेरा अन् अठरा सारखेच दिसते." बघतो तर खरंच. थिनरने रबर फुगलं होतं. इंग्रजी तीनच्या दोन्ही टोकांचं तोंड आत वळून मिटलं, तो आठ झाला. मराठी ३ आणि ८ असते तर हा प्रश्न आला नसता, पण ते टाइप मला मिळाले नव्हते.

आज १८ तारखेच्या सगळ्या पट्ट्या बरोबर आहेत. गोंधळ तेरा तारखेच्या पट्ट्यांत: काही स्पष्ट तेरा, काही अठराच वाचाव्या लागतील अशा. बरं, दोन्ही दिवशी रंगपूरवरच, त्याच मातृवृक्षाचे डोळे. तारीख चुकली तर निदान खुंट तरी चुकणार नाही. पण डोळ्यावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी सोडायचा दिवस तारखेवरूनच ठरतो. डोळा भरला की साधारण तीन आठवड्यांनी प्लास्टिकची पट्टी सैल करून खुंट वरून छाटायचा. खऱ्या अठराला तेरा समजून पाच दिवस आधी छाटला तर कच्च्या डोळ्याचं काय, हा प्रश्न होताच.

बाया आणि मी दोन तास वाफ्यात वाकून फिरलो. १४० पट्ट्या बदलल्या. त्यांच्या जागी नव्या मारायला टाइप नव्हते, म्हणून त्या दिवशी बाबांच्या खिशातली पेन्सिल घेऊन हातानेच लिहिल्या. बाबा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दुसरा टाइप-संच, पुन्हा ४८०. थिनर उरलेलं ते गेटच्या रंगाला वापरलं. रिड्युसर ज्या कंपनीची शाई त्याच कंपनीचा, याला पर्याय नाही. वाचवले चाळीस रुपये, गेले पाचशेच्या वर आणि तीन माणसांचे दोन तास.

१२ जानेवारी २०२५

सहा हजार पूर्ण. काही डोळे मेले तिथे पुन्हा भरले, त्यांच्या नव्या पट्ट्या. पेन्सिलच्या १४० बदलायच्या राहिल्या.

२ फेब्रुवारी

बोर्डो मिश्रणाची (बुरशीनाशकाची) फवारणी, एक टक्का: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पट्ट्यांवर निळसर पांढरी साय बसली आणि अक्षरं दिसेनाशी झाली. धसका घेतला होता, पण ओल्या फडक्याने पुसलं की खालून काळं तसंच. शाई हलली नाही. चुन्याचं पाणी पाहून मला वाटलं होतं की इथे ही शाई हरेल.

(नंतरची भर) शाई हरली ती वेगळ्याच ठिकाणी. आठ दिवसांनी एका वाफ्यावर मावा ही कीड दिसली म्हणून कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी मारलं. त्या वाफ्यातल्या पट्ट्या लगेच पुसल्या तर ठीक. पण तेल तसंच राहिलेल्या काही पट्ट्यांवर दुसऱ्या दिवशी नखाने अक्षर खरवडून निघत होतं. पाण्याने नाही निघालं, तेलाने मऊ पडलं. आता तेलकट फवारणीनंतर पंपात साधं पाणी भरून त्या ओळीवरून एक हात मारतो.

२७ एप्रिल

तुटलेल्या, हरवलेल्या सुमारे दोनशे पट्ट्या नव्याने करायला बसलो. दुपारी दोन वाजता, ४३-४४ अंश. शाई पॅडवरून टाइपवर घेतली आणि शीटपर्यंत नेईतो वाळली. शीटवर काहीच नाही, टाइपवर मात्र थर चढत चालला. रिड्युसर वाढवला तर पातळ होऊन ओघळ. तीच शाई डिसेंबरच्या सकाळी वाळायला वेळ घेत होती.

उपाय सोपा निघाला. पहाटे साडेपाचला, कूलर बंद ठेवून (वाऱ्याने अजून लवकर वाळते), बाटल्या रात्रभर माठाजवळ गार जागी. दीड तासात दोनशे झाल्या.

३ जून

नवतपा संपला. गच्चीवरची दोरी आज उतरवली. सहा महिने ऊन खाल्लेल्या पट्ट्या:

जांभळा शिक्का कुठे होता हेही सांगता येत नाही, कोरी पांढरी पट्टी. मार्करचा निळा फिकट राखाडी, उजेडाकडे धरला तर वाचता येतो. मार्करचा काळा तपकिरी पडलाय. कोडिंगची निळी शाई पुसली जात नाही, पण उडालीय, अर्धी. कोडिंगची काळी जशीच्या तशी. या काळ्यात काजळीसारखं रंगद्रव्य असतं, ते उन्हाला भीत नाही. निळ्या-जांभळ्यातला विरघळलेला रंग उन्हात उडतो. दुकानात निळी घेतली असती तर डिसेंबरात मी खुश असतो आणि जुलैत पुन्हा मागच्या वर्षीच्या जागी.

आणि बाबांची पेन्सिल. काळी, स्पष्ट, जणू कालच लिहिलेली. शीट चकचकीत नाही, किंचित खरखरीत आहे, त्यामुळे शिसं धरून बसलं. बाबांनी तेव्हा काय लिहिलं होतं ते आज वाचलं: "शाई आणायले गेला, वावर सोडून."

वाफ्यातल्या १४० पेन्सिलच्या पट्ट्याही तपासल्या. एकही बदलायची गरज नाही. पाच-पंचवीस कलमांसाठी कोणी हे वाचत असेल तर शाईच्या भानगडीत पडूच नका.

९ जुलै

पाऊस चांगला झालाय, कलमं उपटून विकायला सुरुवात. पट्ट्या चिखलात पडतात, पायाखाली येतात, बादलीत धुतल्या की वाचता येतात. शाईने मान राखला.

दोऱ्याने नाही राखला. पट्टी बांधायला सुती दोरा घेतला होता, स्वस्त म्हणून. ओलाव्याने तो कुजला आणि जूनच्या अखेरीला साडेतीनशेच्या आसपास पट्ट्या जमिनीवर होत्या. शिक्का स्पष्ट, पण पट्टी कोणत्या कलमाची? वाफ्यात एकाच खुंटाच्या असल्यामुळे वाचलो, दोन वाफ्यांच्या हद्दीवरच्या अठ्ठावीस कलमांचं मात्र ठरवता आलं नाही. ती विकली नाहीत. डोळा बांधायची प्लास्टिकची पट्टी ढिगाने घरात पडलेली असते. तीच वापरायला हवी होती.

२० जुलै

खर्च. लागायचाच होता तो: शीट आणि कापणावळ ३८००, टाइप ४८०, शाई ४४०, रिड्युसर ३९०, स्पिरिट १२०. एकूण ५२३०, पट्टीमागे सत्त्याऐंशी पैसे. शिकण्यात गेला तो: पॉलिमरचा शिक्का २५०, जांभळं पॅड ११०, मार्करची शाई १८०, चिकटपट्टी ६०, थिनर ९०, दुसरा टाइप-संच ४८०. म्हणजे ११७०. मजुरी धरलेली नाही. जुना तारखेचा शिक्काही धरलेला नाही, तो अजून फेब्रुवारीवर अडकलाय.

बाटलीत चाळीसेक मिली शाई उरली होती, आज उघडली तर काकवीसारखी घट्ट. रिड्युसर घालून ढवळली, पातळ झाली, पण ठशात बारीक कण येतायत. चिवडेवाल्यांना दाखवली. ते म्हणाले, गाळून पाह्य, नाहीतर फेक. उद्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून बघतो.